बालकांचे इंद्रियशिक्षण

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्याकडून येणाऱ्या अनुभवांतला फरक ओळखणे, त्या फरकांचा क्रम लावणे आणि मग त्यांना नेमके नाव देणे, हे बालकाला जमू लागावे यासाठी केलेल्या योजनेला इंद्रियशिक्षण म्हणतात. या शिक्षणाने नजर वाढत नाही आणि कानाला अधिक दूरचे ऐकू येत नाही. बदल होतो तो समजुतीत. रवा आणि तांदळाची पिठी यांचा स्पर्श मुलाला आधीपासून होतच असतो. दोन्ही चिमटीत धरून एक भरड आणि एक बारीक आहे हे ज्या दिवशी त्याला स्वतःला कळते, त्या दिवशी अनुभवाचे ज्ञान होते. तीन ते सहा हे वय अशा ज्ञानाला सर्वांत अनुकूल मानले जाते. त्यासाठी लागणारे साहित्य महाग असण्याची गरज नाही. ते नेमके असावे लागते आणि मुलाच्या हातात असावे लागते.

जन्मापासून तीन वर्षांपर्यंत

मूल जन्मते तेव्हा त्याची सगळी इंद्रिये सारखीच तयार नसतात. ऐकणे गर्भातच सुरू झालेले असते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आवाजाला प्रतिसाद देते आणि जन्मल्यावर आईचा आवाज परक्या आवाजातून वेगळा काढते. आईच्या दुधाच्या वासाकडे ते तोंड वळवते. गोड चवीने शांत होते, कडू चवीने चेहरा वेडावाकडा करते. सर्वांत मागे असते ती दृष्टी. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. रंगांतला भेद चार-पाच महिन्यांपर्यंत चांगला कळू लागतो. रंगांची नावे मात्र पक्की व्हायला तीन-चार वर्षे लागतात. कळणे आणि सांगता येणे यांतले हे अंतर इंद्रियशिक्षणात कायम लक्षात ठेवावे लागते.

हाताचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याने होतो. आधी नुसती मूठ आवळली जाते. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ खुळखुळा या हातातून त्या हातात घेऊ लागते आणि नवव्या-दहाव्या महिन्यात जमिनीवर पडलेला भाताचा कण अंगठा व तर्जनीच्या चिमटीत पकडते. या काळात हाती लागेल ते तोंडात जाते. ओठ आणि जीभ स्पर्शाला अतिशय संवेदनशील असतात. वस्तू मऊ की टणक, गुळगुळीत की खरबरीत, हे बाळ तोंडाने तपासत असते. म्हणून ‘तोंडात घालू नकोस’ असे सतत सांगण्यापेक्षा तोंडात गेली तरी चालेल अशी स्वच्छ, मोठी वस्तू हाती देणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

हातांचे काम का हवे

नुसते पाहून किंवा ऐकून शिकणे आणि स्वतः हालचाल करून शिकणे यांत मूलभूत फरक आहे. रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन या अमेरिकी संशोधकांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या आडव्या दांड्याला जोडल्या होत्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरे टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरे. आजूबाजूचे पट्टे दोघांनाही सारखेच दिसत. काही काळाने स्वतः चाललेले पिल्लू खोलगट जागा पाहून थबके आणि डोळ्यांसमोर एकदम काही आले तर डोळे मिटे. टोपलीतल्या पिल्लाला यांतले काही जमत नव्हते. त्याला मोकळे फिरू दिल्यावर ते हळूहळू शिकले. डोळ्याने मिळालेल्या माहितीचा अर्थ लागायला तिला स्वतःच्या हालचालीची जोड लागते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

माणसाच्या शरीरात ही जोड सर्वांत उत्तम देणारा अवयव म्हणजे हात. दोन टोकदार वस्तू एकाच वेळी टेकवल्या तर बोटांच्या टोकांना त्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही दोन म्हणून जाणवतात. पाठीवर तोच फरक कळायला सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागते. शिवाय हात स्थिर राहून शिकत नाही. कापडाचा पोत कळण्यासाठी बोट त्यावरून फिरवावे लागते, वजन कळण्यासाठी वस्तू उचलून तळहातावर तोलावी लागते आणि आकार कळण्यासाठी तिच्याभोवती बोटे वळवावी लागतात. चित्रातले फणसाचे साल काटेरी दिसते, पण ते बोटांना काय सांगते हे चित्राला कळवता येत नाही.

इटार, सेगँ आणि मोंटेसरी

इंद्रियांना पद्धतशीर शिक्षण देण्याच्या आधुनिक प्रयत्नांची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. आव्हेरोन भागातल्या रानात एकटाच वाढलेला एक मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला. त्याला बोलता येत नव्हते, आणि थंड-ऊन या संवेदनांकडेही त्याचे लक्ष नसे. उकळत्या पाण्यातला बटाटा तो सरळ हाताने काढी. ज्याँ मार्क इटार या तरुण डॉक्टरने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि त्याला शिकवायला घेतले. एका खोल भांड्यात गरम आणि गार चेस्टनट ठेवून, आत न पाहता, फक्त हाताने त्यांतले हवे ते काढायला इटारने त्याला लावले. पुढे त्याच भांड्यात चेस्टनट आणि ओकची फळे मिसळली. व्हिक्टर पूर्णपणे बोलायला शिकला नाही, पण त्याची स्पर्श, चव आणि वास यांची जाण पुष्कळ सुधारली. इटारचा शिष्य एदुआर सेगँ याने हीच वाट मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी अधिक व्यवस्थित केली आणि त्यासाठी साधने तयार केली.

या दोघांची पुस्तके इटलीतल्या डॉ. मारिया मोंटेसरी (१८७०–१९५२) यांनी बारकाईने अभ्यासली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली होती. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेल्या मोंटेसरींनी आधी मंदबुद्धी मुलांसाठी काम केले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. तिथे येणारी मुले कामकऱ्यांची होती आणि शाळेत जाण्याइतकी मोठी नव्हती.

या बालगृहात सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांमध्ये दट्टे बसवत होती. ती काढी, मिसळी आणि पुन्हा बसवी. मोंटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचे काम थांबले नाही. ते ४२ वेळा झाले आणि मग ती आपण होऊन, समाधानाने थांबली. लहान मुलांचे चित्त चंचल असते हा समज या निरीक्षणाने मोडीत निघाला. हाताला योग्य काम मिळाले तर चित्त आपोआप स्थिर होते, हा मोंटेसरी पद्धतीचा पाया त्यातून घातला गेला.

साधनांमागची सूत्रे

मोंटेसरींची साधने दिसायला साधी आहेत. त्यांचे सामर्थ्य रचनेत आहे, आणि ती रचना तीन सूत्रांवर उभी आहे.

पहिले सूत्र म्हणजे एका साधनात एकच गुण बदलायचा. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर. रंग एकच, लाकूड एकच, आकारही एकच. बदलतो तो फक्त लहान-मोठेपणा. मुलाचे लक्ष त्यामुळे दुसरीकडे जातच नाही. बाजारात मिळणारे एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे पेले रंगानेही वेगळे असतात, तेव्हा मूल आकार पाहून लावते की रंग लक्षात ठेवून, हे सांगता येत नाही.

दुसरे सूत्र म्हणजे फरक मोजून ठेवायचा आणि ठळकाकडून सूक्ष्माकडे जायचे. लाल दांड्या दहा असतात. सर्वांत आखूड १० सेंटिमीटरची, सर्वांत लांब १ मीटरची, आणि प्रत्येक दोघींत बरोबर १० सेंटिमीटरचा फरक. आधी अगदी टोकाच्या दोन दांड्यांची तुलना, मग मधल्यांची, शेवटी दहांचा क्रम. याच फरकांत पुढचे गणित दडलेले असते. मनोऱ्यातल्या दहाव्या घनात पहिल्यासारखे हजार घन मावतात. मूल ते मोजत नाही, पण उचलताना त्याच्या हाताला एक आणि हजार यांतला पल्ला कळून जातो.

तिसरे सूत्र म्हणजे चूक साधनानेच दाखवायची. दट्ट्यांच्या ठोकळ्यात दहा दट्टे आणि दहाच खाचा असतात. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि त्याच्या मापाची खाच मिळत नाही. ‘चुकलास’ असे कोणी म्हणावे लागत नाही. मूल स्वतः शोधते, काढते आणि दुरुस्त करते. लहान वयात मोठ्यांच्या नापसंतीची भीती न वाटता चूक सुधारण्याची सवय लागणे, ही या साधनांची सर्वांत मोलाची देणगी आहे.

एकेका इंद्रियाचे काम

दृष्टीसाठी मनोरा, दांड्या आणि दट्टे यांच्याबरोबर रंगपट्ट्या असतात. पहिल्या पेटीत तांबडा, पिवळा आणि निळा यांच्या तीन जोड्या जुळवायच्या. दुसऱ्या पेटीत अकरा जोड्या होतात. तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा असतात. त्या गडद ते फिक्या अशा लावताना मोठ्यांनाही लक्ष द्यावे लागते.

स्पर्शासाठी गुळगुळीत आणि खरबरीत पट्ट्या असतात. बोटे आधी कोमट पाण्यात धुऊन पुसतात आणि हलक्या हाताने पट्टीवरून फिरवतात. दाबून फिरवले तर पोत कळत नाही. त्यानंतर डोळे बांधून कापडांच्या जोड्या जुळवायच्या. पॉलिश पेपरची अक्षरे हा याच अभ्यासाचा पुढचा टप्पा. अक्षर डोळ्यांना दिसण्याबरोबर बोटांना वळणासह पाठ होते आणि लिहिण्याची तयारी पेन्सिल हाती येण्यापूर्वीच होते.

वजनासाठी एकाच मापाच्या, पण वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या वापरतात. मोंटेसरींनी त्यांची वजने १२, १८ आणि २४ ग्रॅम अशी ठेवली होती. डोळे मिटून दोन्ही तळहातांवर तोलल्यावर सहा ग्रॅमचा फरक मुलांना ओळखता येतो. उष्णतेच्या अभ्यासात एक गंमत कळते. एकाच खोलीत ठेवलेली स्टीलची थाळी आणि लाकडी पोळपाट यांचे तापमान सारखेच असते, तरी थाळी गार लागते, कारण धातू हाताची उष्णता लवकर ओढून घेतो. मुलाला कारण सांगण्याची घाई नको. फरक जाणवला की प्रश्न त्याचा तोच विचारतो.

श्रवणासाठी बंद नळकांड्यांच्या सहा जोड्या असतात. हलवून, कानाजवळ धरून सारख्या आवाजाची जोडी शोधायची आणि मग मोठा-बारीक असा क्रम लावायचा. शांततेचा खेळही याच अभ्यासाचा भाग आहे. सगळी मुले हालचाल थांबवून बसतात आणि शिक्षिका शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजते. आपले नाव ऐकलेले मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. शांत बसण्याची सक्ती न होता शांततेची गोडी लागते.

चवीच्या अभ्यासात साखर, मीठ, लिंबू आणि मेथी यांचे पाणी थेंब-थेंब जिभेवर देतात. जिभेच्या टोकाला गोड आणि कडांना आंबट अशी वाटणी दाखवणारा नकाशा अनेक पुस्तकांत छापला जातो. तो चुकीचा आहे. जिभेच्या सर्व चव घेणाऱ्या भागांना सर्व चवी कळतात. आपल्याकडच्या सहा रसांपैकी तिखट ही शास्त्राच्या दृष्टीने चव नसून दाहाची संवेदना आहे, आणि तुरटपणा बराचसा जिभेला जाणवणारा स्पर्श आहे. वासासाठी घरातला मसाल्याचा डबा पुरेसा होतो. ओवा, जिरे, लवंग, वेलदोडा, सुंठ आणि हिंग झाकणाला भोके पाडलेल्या डब्यांत ठेवले की मुले फक्त नाकाने जोड्या लावतात.

नाव सांगण्याच्या तीन पायऱ्या

शब्द अनुभवाच्या मागून यावा, असा इंद्रियशिक्षणाचा नियम आहे. सेगँने सुचवलेली तीन पायऱ्यांची रीत त्यासाठी आजही वापरली जाते. पहिल्या पायरीवर मुलाच्या हातात वस्तू देऊन एवढेच सांगायचे: ‘हे खरबरीत. हे गुळगुळीत.’ दुसऱ्या पायरीवर ‘खरबरीत कोणते? मला दे. गुळगुळीत कोणते? ते इकडे ठेव.’ तिसऱ्या पायरीवर वस्तूकडे बोट दाखवून ‘हे कसे आहे?’ असे विचारायचे. मूल दुसऱ्या पायरीवर अडखळले तर चूक न दाखवता काम तिथेच थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त नावे घेऊ नयेत.

बोर्डी आणि कोसबाड

हा विचार पश्चिम भारतात रुजवला तो गुजरातमधल्या भावनगरच्या गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवले. मोंटेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धामुळे कित्येक वर्षे भारतातच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे देशभर ही पद्धत पसरली, पण तिची साधने शहरातल्या सुखवस्तू घरांनाच परवडत.

ताराबाईंनी हा अडसर दूर केला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सोबत आल्या. समुद्रावरचे शंख-शिंपले, झाडांची पाने, बिया, दगडगोटे, माती, बांबूच्या नळ्या यांतून त्यांनी साधने तयार केली. लहान-मोठ्या क्रमासाठी शिंपले आले, पोतासाठी सालींचे तुकडे आले, रंगांच्या छटांसाठी कोवळी, जून आणि सुकलेली पाने आली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली आणि अंगणवाडी जन्माला आली. पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम विस्तारले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग तिथे झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे.

घरातले साहित्य

मराठी घरात इंद्रियशिक्षणाची सामग्री आधीच असते. एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि वाट्या दट्ट्यांच्या ठोकळ्याचेच काम करतात: क्रम चुकला तर झाकण लागत नाही. रवा, मैदा आणि ज्वारीचे पीठ यांतून पोत कळतो. मलमल, खादी, गोणपाट आणि घोंगडी यांतून कापड कळते. एकसारख्या डब्यांत तांदूळ, वाटाणे आणि वाळू भरून जोड्या केल्या की श्रवणाची नळकांडी तयार होतात. सारख्या पेल्यांत कमी-जास्त पाणी घेऊन चमच्याने हलके वाजवले, तर जास्त पाण्याचा पेला खालच्या स्वरात बोलतो. पिशवीत हात घालून न पाहता चमचा, किल्ली, सुपारी किंवा लिंबू ओळखणे हा खेळ कुठेही खेळता येतो. कणीक मळणे, मटार सोलणे, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या करणे ही कामे मुलाला खऱ्या अर्थाने करू द्यावीत. आंधळी कोशिंबीर कान आणि स्पर्श दोन्ही जागे करते.

या खेळांत सुरक्षिततेला पहिले स्थान हवे. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी, बटणे, नाणी आणि बटणासारख्या लहान बॅटऱ्या ठेवू नयेत. या वस्तू घशात अडकू शकतात. नाका-कानात बी घालण्याची सवय मोठ्या मुलांतही दिसते, म्हणून बियांचे काम मोठ्यांच्या नजरेसमोरच चालावे. लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. त्या कितीही आकर्षक दिसल्या तरी साहित्यात घेऊ नयेत.

दक्षता आणि मोठ्यांची भूमिका

इंद्रियांच्या खेळांतून मुलातली उणीवही लवकर लक्षात येते. एखादे मूल रंगपट्ट्यांत तांबडा आणि हिरवा यांत सतत गल्लत करत असेल, हाक मारल्यावर ठरावीक बाजूलाच वळत असेल किंवा वस्तू डोळ्यांजवळ आणून पाहत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांना १९८१ मध्ये ज्या संशोधनासाठी नोबेल मिळाले, त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली: लहानपणी एका डोळ्याचा वापर बंद राहिला तर मेंदूतली त्या डोळ्याची जोडणी दुबळी होते. तिरळेपणा किंवा आळशी डोळा यांवर उपचार जितके लवकर, तितके ते परिणामकारक होतात.

पडद्यावरचे रंगीत खेळ इंद्रियशिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. काचेवर प्रत्येक वस्तू एकाच पोताची, एकाच वजनाची आणि बिनवासाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे.

मोठ्यांचे काम तयारी करणे, एकदा सावकाश करून दाखवणे आणि मग बाजूला सरणे एवढेच आहे. मूल मग्न असताना शाबासकीनेही त्याचे लक्ष तुटते. घाईने मदतीला धावणारा हात मुलाकडून शोध लावण्याची संधी हिरावून घेतो. पालकांनी आणि शिक्षिकांनी महागड्या खेळण्यांचा शोध घेण्याआधी घरातले डबे, अंगणातली पाने आणि मसाल्याचा डबा मुलापुढे ठेवावा, त्याला पुरेसा वेळ द्यावा आणि त्याच्या हाताला काम करू द्यावे.